रुळांपलीकडची हाक

रविवार, एप्रिल १९६४

प्रिय जनका,

मंजुळा सुखरूप आहे. तिचा पाय फाटकाशेजारच्या, थांबायच्या खुणेच्या चुन्याच्या दगडापुढे गेला होता, पण रुळापर्यंत पोचला नव्हता. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. आमच्या रेल्वेफाटकावरचे शेषराव काल पाळी संपल्यावर आपणहून घरी आले, ओट्यावर बसले आणि तुझ्या भाऊजींसमोर आणि माझ्यासमोर हे सांगून गेले. त्या वेळी ते तिच्यापासून हाकेच्या अंतरावर हातात झेंडी घेऊन उभे होते. त्यांच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नाही. तुमच्या जानेफळचे माणिकराव यांनी परवा नांदुऱ्याच्या स्टँडवर तुझ्या भाऊजींना गाठून तुझा निरोप दिला. त्यात पोरगी रुळावर उभी होती, एका परक्या पोराने तिला दोरीने बांधलं होतं आणि बेबीताईचं लक्ष नव्हतं, असं सगळं होतं. गुरुवारी तुझे दीर तिला न्यायला येणार, तिचे कपडे बांधून ठेवावेत, हेही होतं. कपडे मी धुऊन, घडी करून ठेवले आहेत. बांधलेले नाहीत. आधी हे पत्र वाच, मग काय ते ठरव. पत्र तुझ्या हाती मंगळवारपर्यंत पडावं म्हणून आजच लिहायला बसले आहे.

तिच्या उजव्या तळहाताला कासऱ्याचा वळ आहे. हळद आणि खोबरेल लावते आहे, बरा होतो आहे. जेवण नीट आहे. सकाळची शाळा सुरू झाल्यापासून मी लवकर निघते, तर उठल्याबरोबर माझी पिशवी आणि छत्री दारात आणून ठेवते. छत्री कशाला म्हणून मी हसले, तर तुझ्या भाऊजींनी सांगितलं की पावसाळ्यात एकदा मीच तिला ठेवायला सांगितली होती, ते बंद करायला कुणी सांगितलं? तशी आहे ती. एकदा शिकलेलं सोडत नाही. शिकायला वेळ लागतो, पण एकदा शिकली की दगडावरची रेघ. वांग्याच्या वाफ्यात ती आता माझ्याहून बरी तोडणी करते. कोवळं आणि जून तिला हाताने कळतं. गवारीच्या शेंगा मात्र तोडता तोडता निम्म्या खाते. मागच्या बाजारात शेजारच्या पंजाबरावांच्या घरच्यांनी तिला पाटीजवळ बसवलं, तर जो येईल त्याला ती म्हणायची की वांगं चांगलं आहे, पण आमच्या घरी याचीच भाजी रोज असते, मला कंटाळा आला. बायका हसत हसत घेऊन जात होत्या.

तुला आठवतं, ती इथे आली त्या दिवाळीत तू मला काय म्हणाली होतीस? तू म्हणाली होतीस, ताई, मी तिला कोंडते. एवढंच म्हणून तू डोळे पुसलेस आणि लगेच करंज्या तळायला उठलीस. एवढं मोठं घर, सासू, दोन दीर, शेतावरची माणसं, आणि त्यात ही वाढलेली पोर. कुणी चिडवतं, कुणी हात धरून ओढतं, दार उघडं दिसलं की ती बाहेर. कडी लावण्यावाचून तू करणार तरी काय होतीस? म्हणून तर मी तिला मागून घेतली. पण खरं सांगायचं तर इथे आणल्यावर पुढचा पावसाळा सरेपर्यंत मीही तेच केलं. मी शाळेत, तुझे भाऊजी मळ्यात, आणि मळा रुळापलीकडे. फाटक ओलांडल्याशिवाय मळा नाही, आणि तिला फाटक ओलांडू द्यायची आमची छाती नव्हती. दुपारी घरी आले की ती खिडकीच्या गजाला गाल लावून बसलेली असायची. गालावर गजाची खूण उठलेली. जानेफळच्या कडीतून काढून मी तिला नांदुऱ्याच्या कडीत घातली, एवढंच काय ते झालं होतं.

आमच्या शाळेच्या पोरांमध्ये अशी दोन-तीन पोरं नेहमीच असतात. पटावर नाव असतं, बाकावर कुणी नसतं. सुभद्राबाई माळणीचा शालिग्राम त्यातलाच. आता वीस-एकवीस वर्षांचा आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलता येत नाही. अंगाने भक्कम, मनाने गरीब, नजर घारीसारखी. पलीकडच्या गल्लीतल्या दोन मुली आहेत, समजायला मंद. त्या सगळ्यांच्या घरी एकच अडचण होती. काम रुळापलीकडे, आणि रूळ म्हणजे भीती. मग मागच्या चैत्रात, खळी रिकामी झाल्यावर, मी तुझ्या भाऊजींना म्हटलं की पोरांना फाटकाकडे नेता येत नसेल तर फाटकच खळ्यावर आणू. ते चुन्याची पाटी घेऊनच निघाले.

खळ्यावर आम्ही चुन्याचे दोन रूळ ओढले. अलीकडे एक दगड ठेवून त्याला चुना फासला. दगडापुढे पाय टाकायचा नाही, हा पहिला धडा. बांबूला पाटी बांधून सिग्नल केला. सिग्नलचा हात खाली पडला की गाडी येणार, हा दुसरा. आणि गाडी म्हणजे आपली बैलगाडी. तुझे भाऊजी तोंडाने शिटी वाजवत दामटायचे, पोरं दगडाअलीकडे थांबायची, गाडी गेली की डावीकडे बघ, उजवीकडे बघ आणि चाल. पंधरवड्यात सगळ्यांना आलं. मला फार आनंद झाला. तो आनंद सुभद्राबाईंनी एका वाक्यात उतरवला. त्या म्हणाल्या, बाई, खऱ्या रुळावर तर दोन्हीकडून गाड्या येतात. आमच्याकडे बैलांची जोडी एकच, म्हणून आमच्या खळ्यावर गाडीही एकच, आणि ती नेहमी एकाच बाजूने. ती गेली की रान मोकळं, असं आम्ही पोरांच्या डोक्यात पक्कं बसवत होतो. खऱ्या रुळावर मालगाडीच्या मागून दुसरी गाडी येते ती दिसतच नाही.

दुसरी गाडी पंजाबरावांची मागून आणली. त्यांचे बैल आमच्या बैलांशेजारून उलट्या दिशेने जायलाच तयार होईनात. समोरासमोर आले की थांबून एकमेकांना हुंगायचे. खळ्याच्या कडेला निम्मं गाव गोळा झालं होतं. पंजाबराव गाडीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "बाई, नागपूरचं तिकीट कोठी भेटते? माह्या बैलायले खिडकीची जागा पायजे." हसून हसून लोकांची पोटं दुखली. मंजुळा हसली नाही. ती दगडाअलीकडे उभी होती, आणि दोन्ही गाड्या जागीच अडकलेल्या असल्यामुळे हलायला तयार नव्हती. तिच्या मते गाड्या अजून गेलेल्या नव्हत्या. बरोबर तीच होती. अंधार पडायला आला तरी ती तिथेच उभी, शेवटी बैल सोडून गाड्या हाताने ढकलत पलीकडे न्याव्या लागल्या, तेव्हा बाईसाहेब निघाल्या.

फाटकावर न्यायची वेळ आली तेव्हा शेषराव आडवे आले. वाईट माणूस नाही, पण नोकरीला जपणारा आहे, आणि घरी खाणारी तोंडं पुष्कळ. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "माह्या फाटकावर येड्याबागड्यायची शाळा नका भरवू, बाई. एखादं गेलं तं माही नोकरी जाईन अन् तुमचं लेकरू जाईन." मी वाद घातला नाही. पोरांना घेऊन फाटकापासून बऱ्याच अंतरावर, बाभळीखाली बसू लागले. तिथून सिग्नल दिसायचा. हात पडला की पोरं बोट दाखवायची, गाडी गेली की पुन्हा दुसऱ्या बाजूला बघायची. आठवडाभर आम्ही नुसते बसलो. शेषरावांना दिसत होतं की गावातली शहाणी माणसं बंद फाटकाखालून वाकून जातात, आणि ही पोरं मात्र बाभळीखाली बसून गाडी जायची वाट बघतात. एके दिवशी त्यांनीच हात करून बोलावलं. फाटकाशेजारी पायी माणसांसाठी वाट आहे, तिथे एक दगड त्यांनी स्वतः रोवून दिला आणि त्याला चुना लावला. वर मला बजावलं की तुम्हाला वाटेल तेव्हा नाही, मी पाळीवर असेन तेव्हाच यायचं. हे आम्ही आजवर मोडलेलं नाही.

आता त्या दोरीचं सांगते, कारण तुझ्या निरोपात ती बोचल्यासारखी आली आहे. शालिग्रामला शिटी ऐकू येत नाही. पण लांबचा सिग्नल, लांबचा धूर त्याला सगळ्यांच्या आधी दिसतो. मंजुळाला ऐकू येतं, पण लक्ष कुठेही जातं. एखादा टिटवीचा जोडा उडाला की बाई त्याच्या मागे. म्हणून आम्ही जोड्या लावल्या, एक ऐकणारा आणि एक बघणारा. हात धरायला सांगितलं असतं तर गावात बोलायला तोंडं कमी नाहीत, तेव्हा तुझ्या भाऊजींनी बैलाचा जुना कासरा काढून दिला. एक टोक हिच्या मुठीत, एक टोक त्याच्या. कुणी कुणाला बांधलेलं नसतं. शिटी ऐकू आली की हिने कासऱ्याला झटका द्यायचा. धूर दिसला की त्याने द्यायचा. झटका म्हणजे थांब, आणि कासरा सैल झाल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यापासून दोघं असेच मळ्यात जातात आणि येतात. सुरुवातीला मी किंवा सुभद्राबाई मागे असायचो. दिवाळीनंतर शेषरावांच्या नजरेखाली दोघंच जाऊ लागली. कोंडलेली पोर आपल्या पायांनी मळ्यात जाते, पाटी भरते, परत येते, हे मी तुला दर पत्रात लिहिलं. दोरीचं लिहिलं नाही, कारण मला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

त्या दिवशी ऊन कलल्यावर दोघं दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी वांगी तोडायला निघाली. फाटक बंद होतं. दोघं गावाच्या बाजूला, दगडाअलीकडे उभी. भुसावळकडून मालगाडी आली आणि धडधडत निघून गेली. शेषरावांनी फाटक उघडलं नाही, कारण नागपूरकडून येणाऱ्या पॅसेंजरचा सिग्नल पडलेला होता. शालिग्राम तिकडेच बघत होता. त्याने झटका दिला, म्हणजे थांब. मंजुळा थांबली. इथपर्यंत खळ्यावर शिकवलेलं एक अक्षरही चुकलं नव्हतं. मालगाडीचा शेवटचा डबा पुढे गेला आणि रुळापलीकडची वाट मोकळी दिसू लागली. त्या वाटेने सडकेवरून एसटीतून उतरलेलं एक माणूस येत होतं. त्याला अचानक समोर मंजुळा दिसली. रुळाच्या तोंडाशी उभी, हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी तरुण. त्या माणसाने जिवाच्या आकांताने तिला हाक मारली. मंजे, इकडे ये. आणि मंजुळा निघाली.

पुढचं शेषरावांनी सांगितलं ते असं. मधे कासरा ताणला गेला. शालिग्रामला ती हाक ऐकू आलीच नव्हती. त्याला एवढंच कळलं की दोरी ओढली जाते आहे आणि गाडी अजून गेलेली नाही. त्याने टाचा मातीत रोवल्या आणि पाठ मागे टाकली. मंजुळाने मूठ सोडली नाही, कारण मूठ सोडायची नाही हेही तिला शिकवलेलं आहे. ती दगडापुढे एक पाऊल टाकून तिथेच अडकली, हाताला वळ घेऊन, आणि समोरून पॅसेंजर निघून गेली. जनका, त्या पोराचे कान चांगले असते तर तोही हाकेकडे वळून बघता. त्याला ऐकू येत नाही म्हणून आज मी तुला हे पत्र लिहू शकते आहे. आणि सुभद्राबाई कालपासून त्याला घराबाहेर पाठवायला तयार नाहीत. त्यांच्या कानावरही दोरीची कथा गेली आहे. माह्या पोरानं पोरगी धरून ठेवली अन् नाव त्याचंच खराब झालं, असं त्या मला म्हणाल्या.

गाडी गेल्यावर तुझे अर्जुनराव फाटक ओलांडून अलीकडे आले. होय, तेच होते. बाजाराच्या कामाने खामगावला आले होते, मुलीला बघून जावं म्हणून वाट वाकडी केली. तिच्यासाठी रेवड्यांची पुडी आणली होती. मी शाळेच्या वह्या बघत होते, तेव्हा ते तिला हाताला धरून दारात आले. बसले नाहीत. पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावला, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पुन्हा मागितलं. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. दोरीबद्दल दोन शब्द कडक बोलले, त्या पोराबद्दल आणखी चार, आणि आल्या पावली सडकेकडे परतले. पुडी ओट्यावर तशीच राहिली होती. मला तेव्हा नेमकं काय झालं ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, रुळाजवळ उभी पाहून घाबरले, साहजिक आहे.

रात्रीच्या जेवणाला मंजुळा बसेना. ताटापाशी आली की उठून दाराकडे जायची. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "बाबानं बलावलं मले. म्या गेली नाई. बाबा रागावतीन का वो मावशी?" तिला गाडीची भीती वाटलेली नव्हती, जनका. रुळांची नव्हती. बापाने हाक मारली आणि आपण गेलो नाही, एवढ्या एका गोष्टीने ती बेचैन होती. मी तिला सांगितलं की बाबा रागावले नाहीत, रेवड्या ठेवून गेले आहेत. तिने एक रेवडी तोंडात टाकली आणि बाकीच्या बाबासाठी परत बांधून ठेवल्या.

काल शेषराव उठताना मी त्यांना विचारलं की हाक तुम्ही ऐकलीत का. त्यांनी आधी चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाले, "आयकली, बाई. पन गाडी गेल्यावर ते माणूस खालीच बसलं होतं, मातीत. त्यायले आपुन काय बोलावं?" तुला घरी काय सांगितलं गेलं आणि काय सांगितलं गेलं नाही, ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. तूही त्यांना यावरून बोलू नकोस, एवढं माझं ऐक. ज्याने ती हाक मारली त्याला आपली पोर वाचवायची होती. त्याने माझ्यावर आणि त्या पोरावर राग काढला, तो कुठेतरी काढायलाच हवा होता. नाहीतर तो राग घेऊन माणूस एसटीत बसणार कसा?

आणि ती गेली त्यात तिचाही काही दोष नाही. ती चार-पाच वर्षांची असताना तुमच्या घरामागे बिनकठड्याची विहीर होती. ती चालायला उशिरा लागली, पण लागली ती थेट तिकडेच. तेव्हा तू पदराला गूळ बांधून दिवसभर तिला हाका मारत फिरायचीस. कधी गोठ्यातून, कधी माळवदावरून, कधी विहिरीच्या अलीकडून. हाक आली की हातातलं टाकून यायचं, आली की गूळ. तुझ्या सासूबाई म्हणायच्या की जनका पोरीला वळवते आहे की वासराला. महिनोन्‌महिने तू ते केलंस, आणि घरातल्या सगळ्यांकडून करून घेतलंस, अर्जुनरावांकडूनसुद्धा. मी तेव्हा महिनाभर तुझ्याकडे राहून हे बघितलं आहे. ती आज जिवंत आहे ती त्या गुळामुळे. पुढे विहिरीला कठडा झाला, पोर मोठी झाली, पण तो धडा तिच्यात तसाच आहे. मी खळ्यावर तिला गाडी शिकवली, सिग्नल शिकवला, दगड शिकवला. रुळापलीकडून आपलंच माणूस हाक मारील, हे माझ्या मनात आलं नाही. गावात येता-जाता कुणीही कुणाला लांबून हाक मारतं, ती आपल्याला ऐकूही येत नाही इतकी सवयीची.

त्या संध्याकाळनंतर आम्ही पोरांना घेऊन फाटकाकडे गेलो नाही. पुन्हा खळ्यावर चुना ओढला आहे. मंजुळा दगडाअलीकडे उभी राहते आणि पलीकडून कुणीतरी हाक मारतं. नुसतं थांब म्हणून भागत नाही. हाकेचं काहीतरी करायचं असतं, त्याशिवाय तिला राहवत नाही. म्हणून तुझ्या भाऊजींनी तोड काढली की चुना दिसत असेल तर हाकेला उत्तर हाताने द्यायचं. हात वर करायचा, पाय उचलायचा नाही. पहिल्या संध्याकाळी ती प्रत्येक हाकेला धावत आली. दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या हाकेला हात वर केला, पण हात वर करून चालत आली. आता भाऊजींनी हाक मारली तर थांबते. मी रागावून मारली तरी थांबते, रडवेल्या आवाजात मारली तरी. पंजाबराव गुळाचा खडा दाखवून ओरडले, तर हात वर करून तिथूनच म्हणाली की गूळ ठेवा, मी येते. पंजाबरावांनी गूळ खाल्ला नाही, एवढं मात्र त्यांचं कौतुक. शेषरावसुद्धा काल जाता जाता एक हाक मारून गेले, त्यांच्या फाटकावरच्या आवाजात. ती हलली नाही.

म्हणून हे पत्र. तिला इथे राहू दे अशी परवानगी मी मागत नाही. ती तुझी आहे, तू नेलीस तर मी तिचं गाठोडं स्वतः बांधून एसटीत ठेवीन. मला परवानगीच्या आधी तुम्हा दोघांचे आवाज हवे आहेत. इथे कुणाची हाक तिला आता ओढत नाही, पण ज्या दोन हाकांवर ती लहानाची मोठी झाली त्या इथे कुणाला मारता येत नाहीत. भाऊजींनी अर्जुनरावांसारखा आवाज काढून पाहिला, तर ती खदखदा हसली. ती जानेफळला राहो की इथे, आयुष्यात कधीतरी सडकेच्या, नाल्याच्या, रुळाच्या पलीकडे तुम्ही उभे असाल आणि तिला पाहून तुमच्या तोंडून तिचं नाव निघेलच. तेव्हा दोरी धरायला शालिग्राम असेलच असं नाही. गुरुवारी दिरांना पाठवू नकोस. तू ये, अर्जुनरावांना घेऊन ये. ते नाही म्हणाले तर त्यांना एवढंच सांग की मंजुळाने तुमच्या रेवड्या बांधून ठेवल्या आहेत. सुभद्राबाईंना मी शब्द दिला आहे की तुम्ही आलात की आधी त्यांच्या ओट्यावर जाल. मग ऊन कललं की आपण सगळे खळ्यावर जाऊ. आधी अर्जुनरावांनी हाक मारायची, मग तू. खोटी नको, तुझी नेहमीची, विहिरीच्या वेळची. पहिल्यांदा ती धावत येईल, तुझ्या गळ्यात पडेल, हे मला माहीत आहे आणि तुलाही. तेव्हा तिला जवळ घेऊ नकोस. खांद्याला धरून फिरव, चुन्याच्या दगडाअलीकडे परत पाठव, आणि ती तिथे पोचून तुझ्याकडे वळली की पुन्हा हाक मार.

तुझीच, आणि तिचीही,
बेबीताई